घोकंपट्टीने वकील निपजत नाहीत!



मार्च महिना उजाडला की माझ्या दारी आईबापांची रीघ लागते. कोणी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढलेले असतात, कोणी पतपेढीचे कर्ज घेतलेले असते. 'बाई, मुलीचे बारावीचे पेपर आता संपतील. तिला कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठात घालावयाचे आहे. कोणता क्लास लावू?' असा त्यांचा भाबडा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देणे माझ्या जिवावर येते. कारण ज्या परीक्षेतून त्या विद्यापीठांत प्रवेश मिळतो ती क्लॅट परीक्षा २०२२ सालापासून डिसेंबर महिन्यातच उरकली जात आहे. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपली गत झालेली असते! मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधि विद्यापीठे आपल्या राज्यात असताना त्यांच्या दाराची वेळही आपणास ठाऊक नसावी, हे कोणाच्या माथी मारावयाचे?

परंतु वेळ चुकणे ही लहान चूक आहे. ती पुढील वर्षी सुधारता येते. जी चूक वर्षानुवर्षे सुधारत नाही तिच्याविषयी आज मला तुमच्याशी कडक शब्दांत बोलावयाचे आहे. मी त्या पालकांना उलट विचारते, 'तुमची मुलगी रोज काय वाचते?' उत्तर येते, 'वाचते की! अख्खे गाइड पाठ आहे तिचे.' ऐकून माझ्या पोटात गोळा येतो.

आधी ही परीक्षा काय आहे ते समजून घ्या. ती २००८ साली सुरू झाली. २०१९ पर्यंत तिच्यात दोन तासांत दोनशे प्रश्न सोडवावे लागत आणि त्यांतील पुष्कळसे स्मरणशक्तीच्या जोरावर सुटत. कोणता कायदा कोणत्या साली झाला, अमुक लॅटिन वचनाचा अर्थ काय, अशा थाटाचे ते प्रश्न होते. २०२० साली विद्यापीठांच्या संघाने हा साचा मोडला. आता उमेदवारापुढे सुमारे साडेचारशे शब्दांपर्यंतचा एकेक उतारा ठेवतात आणि त्याच्या आधाराने प्रश्न विचारतात. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून प्रश्न १२० आणि मिनिटेही १२०. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडे गणित अशी तिची पाच अंगे आहेत. चालू घडामोडींत बाहेरची माहिती लागते, हे खरे. परंतु उरलेल्या चारही अंगांत ज्याला उतारा वाचता येतो तोच तरतो.

आणि आपण काय करतो? माझ्याकडे येणारी मुले जी गाइडे काखोटीस मारून येतात ती अजून त्या जुन्या साच्याचीच असतात. एका क्लासवाल्याने तर आमच्या वस्तीतील चार कुटुंबांकडून वर्षाची फी आगाऊ घेतली आणि मुलांच्या हाती दिली ती काय, दोन हजार प्रश्नोत्तरांची चोपडी! मुले ती वर्षभर घोकत होती. त्या क्लासवाल्याचा मला राग येतोच, परंतु त्याहून अधिक राग आपल्या समाजातील त्या समजुतीचा येतो, की विद्या म्हणजे पाठांतर, आणि ज्याचे पाठांतर मोठे तो विद्वान. ही समजूत कोणाच्या घरून आपल्या घरी आली, याचा जरा शोध घ्या. ज्यांनी ग्रंथ घोकले आणि त्यांतील एका अक्षरालाही 'का?' म्हणून विचारले नाही, ती परंपरा आपण टाकून दिली ना? मग तिची पद्धत तेवढी कशासाठी जपून ठेवली?

कोणी म्हणेल, 'बाई, आम्ही कालामसुत्त मानणारे लोक. तथागतांनीच सांगितले आहे की तर्काने पटेल तेच घ्या.' असे म्हणणाऱ्याला मी विनयपूर्वक विचारते, ते सुत्त तुम्ही वाचले आहे काय? केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवंतांनी कोणकोणत्या आधारांवर विसंबू नका म्हणून सांगितले, त्या दहा गोष्टींत ऐकीव वार्ता आहे, परंपरा आहे, ग्रंथप्रामाण्य आहे, 'हा श्रमण आमचा गुरू आहे' ही भावनाही आहे. आणि नुसता तर्क, नुसते अनुमान हेही आहे! कसोटी पुढे येते: अमुक गोष्ट अकुशल आहे, दोषयुक्त आहे, ती आचरणात आणली असता अहित व दुःख होते, हे जेव्हा तुम्ही स्वतः जाणाल तेव्हा ती टाका. म्हणजे ज्या सुत्ताचे नाव आपण भाषणाभाषणांतून घेतो तेही आपण ऐकीव वार्तेवरच घेतले आहे. परीक्षेच्या भाषेत बोलावयाचे तर, उतारा न वाचता उत्तर लिहिले!

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी आठ-दहा मुलामुलींना मी उतारे सोडवावयास बसवते. पहिल्याच रविवारी मी त्यांना एक नियम आणि एक प्रसंग दिला. नियम असा: 'दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर त्याच्या संमतीविना प्रवेश करणे हा अपराध होय, मात्र मनुष्याचा जीव वाचविण्यासाठी तातडीने केलेला प्रवेश अपराध नव्हे.' प्रसंग असा: एका शेतकऱ्याचा बैल शेजाऱ्याच्या विहिरीत पडला. शेजारी 'माझ्या रानात पाऊल टाकू नकोस' म्हणून ओरडत असताना शेतकरी आत शिरला आणि त्याने बैल वर काढला. अपराध झाला की नाही?

दहापैकी नऊ मुलांनी 'नाही' असे उत्तर दिले. कारण विचारले. एक म्हणाला, 'प्राण्यावर दया करणे हा आपला धम्म आहे.' दुसरा म्हणाला, 'बैल मेला असता तर त्याचे कुटुंब उपाशी राहिले असते.' तिसऱ्या मुलीने संविधानाचा एकविसावा अनुच्छेद घडाघडा म्हणून दाखविला. सगळी उत्तरे चांगल्या मनाची होती आणि सगळी चूक होती. नियमात 'मनुष्याचा' असा शब्द आहे. बैल मनुष्य नव्हे. दिलेल्या नियमाप्रमाणे अपराध झाला. 'मग हा नियमच अन्यायाचा आहे!' असे ती एकविसाव्या अनुच्छेदाची मुलगी तावातावाने म्हणाली. मी म्हटले, शाबास! परंतु तो दुसरा प्रश्न झाला. नियम काय म्हणतो, हा पहिला प्रश्न. नियम कसा असावा, हा दुसरा. जो पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात मिसळतो त्याला ना खटला जिंकता येतो ना कायदा बदलता येतो. कारण जे बदलावयाचे ते नेमके काय आहे, हेच त्याने वाचलेले नसते.

आता जरा आपल्या अंगावर येणारे उतारे पाहू. तुम्ही दीक्षा घेतलीत. शेजारचा किंवा कचेरीतला कोणी शहाणा तुम्हाला ऐकवतो, 'संविधानातच लिहिले आहे की बौद्ध हे हिंदूच!' आणि पंचविसाव्या अनुच्छेदाकडे बोट दाखवतो. आपली पदवीधर मुले अशा वेळी एक तर गप्प बसतात, नाही तर हमरीतुमरीवर येतात. तो अनुच्छेद उघडून वाचण्याचे कोणाला सुचत नाही. त्याखालच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हिंदू या उल्लेखात शीख, जैन व बौद्ध धर्म प्रकट करणाऱ्या व्यक्तींचा समावेश समजावा, असे म्हटले आहे खरे. परंतु त्या वाक्याची सुरुवात कशी होते? 'खंड २ च्या उपखंड ख मधील' हिंदू या उल्लेखात! म्हणजे त्या एका उपखंडापुरते. हे मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितले, तेव्हा मागे बसलेल्या एका अकरावीतील मुलीने हात वर केला. 'त्या उपखंडात काय आहे ते वाचून दाखवा की,' ती म्हणाली. मी त्या दिवशी संविधानाची प्रत नेली नव्हती. मोबाइलवर शोधून वाचावे लागले: समाजकल्याण व सामाजिक सुधारणा यांसाठी, अथवा सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्यासाठी कायदा करण्याचा राज्याचा अधिकार. तेवढाच त्याचा विषय! त्या पोरीने मला विचारले म्हणून मला आनंद झाला आणि प्रत नेली नव्हती म्हणून लाजही वाटली.

असाच दुसरा उतारा विवाहाचा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपणास लागू होतो, यावरून 'म्हणजे तुम्ही हिंदूच' असे अनुमान काढणारे पुष्कळ भेटतात. एसटीच्या गाडीत धूम्रपान करू नये, हा नियम प्रवाशालाही लागू आहे आणि कंडक्टरलाही. म्हणून कंडक्टर प्रवासी ठरतो काय? 'लागू होणे' आणि 'असणे' या दोन गोष्टी तर्कशास्त्रात एक नव्हेत. आणि त्या कायद्याचे दुसरे कलम मुळातून वाचले तर तर्काचीही गरज पडत नाही. धर्माने हिंदू असलेल्यांचा उल्लेख त्यात एका खंडात आहे, धर्माने बौद्ध, जैन किंवा शीख असलेल्यांचा वेगळ्या खंडात. आणि त्याच कलमाचे तिसरे पोटकलम, धर्माने हिंदू नसूनही ज्यांना हा कायदा लागू आहे अशा व्यक्तींविषयी बोलते. कायदाच म्हणतो की धर्माने हिंदू नसूनही! आपणास स्वतंत्र विवाह कायदा हवा की नको, हा वाद वेगळा आहे आणि तो अवश्य घाला. परंतु आहे तो कायदा काय म्हणतो, ते निदान घरातल्या एकाला तरी ठाऊक असू द्या.

तिसरा उतारा सर्वांत कठीण आहे आणि तो मी मुलांना मुद्दाम देते. १९६२ च्या निवडणुकीत नागपुरातील राखीव जागेवर निवडून आलेल्या मेश्राम यांच्या निवडीला पंजाबराव यांनी आव्हान दिले. मेश्राम बौद्ध झाले आहेत, आणि १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे हिंदू किंवा शीख यांवाचून अन्य धर्म 'प्रोफेस' करणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानता येत नाही, असा आक्षेप होता. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने मेश्राम यांच्याविरुद्ध निकाल दिला. सारा खटला 'प्रोफेस' या एका शब्दावर फिरला! त्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने असा लावला की आपली श्रद्धा ज्यांना कळावयाची त्यांना कळेल अशा रीतीने उघड जाहीर करणे. एकदा तसे जाहीर केले की धर्मांतर परिणामकारक झाले की नाही, याची आणखी चौकशी करण्यात अर्थ नाही.

या उताऱ्यावर मी प्रश्न विचारते: 'मेश्राम यांचे धर्मांतर विधिवत् झाले होते, असे न्यायालयाने ठरविले. हे विधान बरोबर की चूक?' जवळजवळ सगळी मुले 'बरोबर' म्हणतात. चूक! न्यायालयाने तसे ठरविले नाही. ते पाहण्याची गरज नाही, असे म्हटले. 'झाले' आणि 'झाले की नाही हे पाहण्याची गरज नाही' यांतील अंतर ज्याला दिसत नाही त्याला क्लॅटचा पर्याय निवडता येणार नाही आणि पुढे न्यायालयात उभे राहता येणार नाही. परीक्षा घेणारे असाच पर्याय मुद्दाम ठेवतात: दिसायला खरा, बोलायला गोड, पण उताऱ्यात नसलेला. पुढे १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला, तेव्हा कुठे ती खिडकी उघडली. आज तुमची मुलगी प्रवेशाच्या अर्जाला जे जातीचे प्रमाणपत्र जोडते त्याच्या पाठीशी ती दुरुस्ती उभी आहे. दीक्षा घेतल्यावर सवलत जाते, अशी भीती ज्यांना अजून वाटते त्यांनी ती दुरुस्ती वाचावी.

आता जो आक्षेप तुमच्या ओठांवर आहे तो मीच मांडते. 'बाई, हे सगळे खरे, पण परीक्षा इंग्रजीत आणि आमची पोरे जिल्हा परिषदेच्या शाळेतली!' या आक्षेपात अर्धा न्याय आहे आणि अर्धी पळवाट. न्याय आधी सांगते. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मराठीसह तेरा भाषांत होते. मग कायद्याच्या प्रवेशाची परीक्षा केवळ इंग्रजीत का? २०२३ साली हाच प्रश्न घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा विद्यापीठांच्या संघाने अडचणींचा पाढा वाचला. शेतकऱ्याच्या, सफाई कामगाराच्या मुलीची विचार करण्याची शक्ती मोजावयाची आहे की तिच्या बापाने कोणत्या शाळेची फी भरली ते मोजावयाचे आहे? त्यात २०२५ च्या प्रवेशासाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडूनही परीक्षेची फी म्हणून साडेतीन हजार रुपये घेतले गेले. रोजंदारीवरच्या घरात साडेतीन हजार रुपये म्हणजे काय, हे त्या संघाने एकदा आमच्या वस्तीत येऊन विचारावे. या अन्यायाविरुद्ध अर्ज करा, ठराव करा, लोकप्रतिनिधींना जाब विचारा.

आता पळवाट. महाराष्ट्र शासनाची कायद्याची सीईटी मराठीतही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेथे तर भाषेची सबब चालत नाही. मग तेथेही आपली मुले उताऱ्याशी का अडखळतात? कारण मराठीतसुद्धा आपण त्यांना वाचावयास शिकविलेले नाही. जे मूल मराठी अग्रलेखाचा सारांश दोन ओळींत सांगू शकत नाही त्याचे दुखणे इंग्रजी हे नव्हे.

यास्तव घरात काय करावयाचे ते सांगते. त्याला पैसा फारसा लागत नाही. संविधानाचा शासनाने प्रसिद्ध केलेला मराठी अनुवाद आणि इंग्रजी मूळ असे दोन्ही जवळ घ्या. रोज एक अनुच्छेद आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचू द्या. 'परंतु', 'केवळ', 'वगळून', 'जर', 'किंवा' अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावयास सांगा. कायद्याचे काटे तेथेच लपलेले असतात. सहा महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल घ्या. ते ई-एससीआर या संकेतस्थळावर २०२३ पासून विनामूल्य मिळतात. एका निकालातील दोन पाने पुरे. वादीचे म्हणणे काय, प्रतिवादीचे काय, न्यायालयाने काय ठरविले आणि कशावरून ठरविले, हे वहीत चार ओळींत लिहावे. आणि बाबासाहेबांचे ग्रंथ! त्यांची पूजा पुष्कळ झाली, आता त्यांवर उतारे काढा. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ची १९३७ ची दुसरी आवृत्ती पाहा. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका बाबासाहेबांनी स्वतःच्या पुस्तकात छापली आणि मग तिला उत्तर दिले. मुलाने आधी गांधीजींचा युक्तिवाद त्यांच्याच बाजूने नीट मांडून दाखवावा. तो मांडता आला तरच पुढचे उत्तर वाचावयास द्या. हा सराव मुलांना आवडत नाही. त्यांना एकदम उत्तरच हवे असते!

गुण कापले जाण्याची जी भीती मुलांच्या मनात बसली आहे तिचा हिशेबही त्यांच्यासमोर एकदा कागदावर करा. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून सोडविले आणि सरासरीने एक बरोबर आला, तर एक गुण मिळतो आणि तीन चुकांचा पाऊण गुण जातो. म्हणजे आंधळ्या नेमानेही तोटा होत नाही. उतारा वाचून एक पर्याय निश्चित खोटा म्हणून खोडता आला, तर फायदा आणखी वाढतो. हे साधे गणित आहे; पण भीतीपोटी वीस वीस प्रश्न कोरे सोडून आलेली मुले मी पाहिली आहेत.

ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिने काय करावे, असे मला विचारतात. तिने समोर बसावे, मुलाला मोठ्याने वाचावयास लावावे आणि दर उत्तरानंतर एवढेच विचारावे, 'हे कुठं लिहिलंय, बोट ठेवून दाखव.' बोट ठेवता आले नाही तर उत्तर चूक. आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावणाऱ्या एक बाई असे रोज रात्री करतात. त्यांच्याइतका कडक परीक्षक मला कोणत्याही क्लासात आढळला नाही.

शेवटी माझीही एक गोष्ट सांगते, म्हणजे मी केवळ दुसऱ्यांना बोल लावते असे होणार नाही. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका बडतर्फ सफाई कामगाराचे अपील माझ्याकडे आले. मुदत तीस दिवसांची. ती आदेश हाती पडल्या दिवसापासून मोजावयाची, असे मी धरून चालले. कारण तसाच एक दुसरा नियम मला तोंडपाठ होता. त्या कचेरीच्या नियमात मात्र 'आदेशाच्या दिनांकापासून' असे शब्द होते. नियमाची प्रत माझ्या टेबलावर होती आणि मी ती उघडलीही नव्हती. अपील मुदतबाह्य म्हणून परत आले. विलंब माफ करून घेण्यात चौदा महिने गेले आणि तेवढ्यात त्या गृहस्थाने बायकोच्या अंगावरचे मोडून खाल्ले. पुढे तो कामावर परत लागला. आजही बाजारात भेटला की हात जोडून 'जयभीम' म्हणतो, मुलांची खुशाली सांगतो. त्या तीस दिवसांचा विषय तोही काढत नाही आणि मीही काढत नाही.